सक्ती, संमती आणि मतपत्रिका : ऑस्ट्रेलियातील १९१६-१७ चे जनमतकौल

पहिल्या महायुद्धात ब्रिटनने १९१६ मध्ये सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा संसदेत संमत केला. ऑस्ट्रेलियाने मात्र तोच प्रश्न मतदारांपुढे ठेवला आणि मतदारांनी तो दोनदा फेटाळला. या नकाराकडे बहुधा युद्धविरोधाचा आविष्कार म्हणून पाहिले जाते. वस्तुतः नकार देणाऱ्यांत युद्धाचे समर्थकही होते. त्यांचा आक्षेप होता तो एकाने मत देऊन दुसऱ्याला रणांगणावर धाडण्याला.

१९०३ च्या संरक्षण कायद्यानुसार सक्तीची सेवा देशाच्या सीमेपुरतीच मर्यादित होती. पंतप्रधान बिली ह्यूझ यांना ती सीमा ओलांडायची होती. परंतु सिनेटचा विरोध अटळ असल्याने त्यांनी जनमताचा मार्ग पत्करला. २८ ऑक्टोबर १९१६ रोजी १०,८७,५५७ मते बाजूने, तर ११,६०,०३३ विरोधात पडली. २० डिसेंबर १९१७ च्या दुसऱ्या कौलात हे अंतर आणखी वाढले. पहिल्या कौलात सैन्यातील मतदारांपैकी ७२,३९९ जणांनी होकार दिला, तरी ५८,८९४ जणांनी नकारच नोंदवला. स्वेच्छेने गेलेल्यांपैकी इतक्या जणांना दुसऱ्यांवर सक्ती नको होती, ही बाब लक्षणीय आहे.

या वादाचे वाङ्मयीन रूप ‘द ब्लड व्होट’ या प्रचारकवितेत सापडते. मतपत्रिका हाती घेतलेली आई परक्या मुलाच्या मृत्यूवर शिक्का उमटवते, अशी तिची मध्यवर्ती कल्पना आहे. गोऱ्या स्त्रियांना १९०२ पासून मताधिकार असल्याने हे आवाहन नेमके मतदारालाच भिडणारे होते. कविता प्रसिद्ध झाली डब्ल्यू. आर. विन्स्पिअर यांच्या नावाने. लिहिली होती मात्र ई. जे. डेम्प्सी यांनी. ते सक्तीचा पुरस्कार करणाऱ्या दैनिकात नोकरीस होते. सक्तीविरुद्धचा शब्दही असा उसन्या नावाने उच्चारावा लागला.

स्वेच्छाही अर्थात निर्भेळ नव्हती. घरी राहिलेल्या तरुणांना भित्रेपणाचे प्रतीक म्हणून पांढरी पिसे पाठवली जात. तरीही सामाजिक दडपण आणि कायद्याचा दंड यांत भेद उरतोच : पहिल्याला नकार देता येतो, दुसऱ्याला नकार देणे गुन्हा ठरतो.

भारताशी तुलना करता या प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. येथे भरती नावाने ऐच्छिक होती. पण तिच्याविषयी मत देण्याचा अधिकार लोकांना नव्हता. १० जून १९१८ रोजी मुंबईच्या युद्धपरिषदेत लोकमान्य टिळकांनी सहकार्याची सांगड स्वराज्याशी घालताच गव्हर्नर विलिंग्डन यांनी त्यांना बोलू दिले नाही आणि टिळक सभात्याग करून गेले. नागरिकत्वाचे हक्क नाकारणाऱ्या राज्याने स्वेच्छेची अपेक्षा कोणत्या आधारावर करावी, हा प्रश्न त्या प्रसंगाने उघड केला.

ऑस्ट्रेलियाचे सैन्य युद्धाच्या अखेरपर्यंत ऐच्छिकच राहिले. त्यात चार लाखांहून अधिक दाखल झाले आणि सुमारे साठ हजार मृत्युमुखी पडले. १९१६ मध्ये सक्तीविरोधी चळवळीत काम करून अल्पकाळ तुरुंगात गेलेले जॉन कर्टिन पुढे पंतप्रधान झाले. जपानी आक्रमणाच्या छायेत, १९४३ मध्ये, त्यांनीच सक्तीच्या सेवेचे क्षेत्र नैर्ऋत्य पॅसिफिकपर्यंत वाढवले. त्या वेळी मात्र जनमताचा कौल घेतला गेला नाही.