वेळासचे राखणदार

कोकणच्या किनाऱ्याचा इतिहास सांगू लागलो की आपल्या डोळ्यांपुढे जलदुर्ग, गलबते आणि परकीयांच्या वखारी उभ्या राहतात. बाणकोटजवळचे वेळास हे रत्नागिरी जिल्ह्यातील लहानसे गावही नाना फडणविसांचे मूळ गाव म्हणूनच इतिहासाला ठाऊक होते. परंतु याच गावाच्या पुळणीवर अलीकडच्या काळात आणखी एक इतिहास घडला. त्यात लढाई नाही की तह नाही. ज्या हातांनी समुद्री कासवांची अंडी उकरून काढली, त्याच हातांनी पुढे ती राखली, एवढीच त्याची हकीकत. समुद्राच्या सोबतीने जगणाऱ्या आपल्यासारख्या कुटुंबांनी ती जाणून घ्यावी, असे आम्हांस वाटते.

आपल्या किनाऱ्यावर मुख्यत्वे ऑलिव्ह रिडले जातीची कासवे अंडी घालतात. हिवाळा सुरू झाला की मादी रात्रीच्या वेळी भरतीरेषेच्या वर येते, मागच्या वल्ह्यांनी सुमारे दीड फूट खोल खड्डा करते, त्यात शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू सारखी करते आणि समुद्रात परत जाते. पिल्लांची भेट तिला कधीच घडत नाही. पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्ले वाळूतून वर येतात आणि पाण्याच्या उजेडाकडे धावतात. हजारातून एखादेच वाढून मोठे होते. निसर्गाचा हिशेब मुळातच इतका काटेकोर असताना घरटीच रिकामी होऊ लागली, तर वंश टिकावा कसा?

महाराष्ट्रात देवळापुढे दगडी कासव असते आणि लोक त्याला भक्तिभावाने हात लावतात. मात्र पुळणीवरच्या जिवंत कासवाच्या वाट्याला हा मान आला नाही. त्याची अंडी खाल्ली जात, बाजारात विकली जात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली झाला आणि १९७७ मध्ये समुद्री कासवांना त्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. वाघाला जे संरक्षण, तेच कासवाला. तरीही पुढची पंचवीस वर्षे कोकणच्या अनेक गावांत हा कायदा कागदावरच राहिला. रात्रीच्या अंधारात मैल मैल पसरलेल्या पुळणीवर पहारा करावा कोणी?

या प्रश्नाचे उत्तर २००२ साली वेळासला मिळाले. चिपळूण येथे १९९२ मध्ये स्थापन झालेल्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेचे कार्यकर्ते भाऊ काटदरे यांच्यासह समुद्री गरुडाच्या घरट्यांची पाहणी करीत किनाऱ्याने फिरत होते. वेळासला त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफले दिसली. चौकशी केली तेव्हा घरटी लुटली जातात, हे उघड झाले. पोलिसांत वर्दी देऊन मोकळे होणे सोपे होते. संस्थेने वेगळा मार्ग धरला. वाळूवरचा माग पाहून घरटे नेमके कोठे आहे हे सांगण्याची विद्या अंडी काढणाऱ्यांपाशीच होती. तेव्हा त्यांच्यातीलच माणसांना मानधन देऊन राखणीला बोलावण्यात आले. इतिहासाला वळण लागले ते या ठिकाणी, असे आमचे मत आहे.

काम साधे, पण नेटाचे होते. पहाटे कोल्ह्या-कुत्र्यांच्या आधी पुळणीवर फिरायचे, माग ओळखायचा, अंडी हलक्या हाताने काढून कुंपणाच्या आत तेवढ्याच खोलीच्या खड्ड्यात ठेवायची आणि तारखेची पाटी लावायची. पिल्ले निघण्याचे दिवस आले की खड्ड्यावर टोपली पालथी घालायची आणि ती सकाळ-संध्याकाळ उचलून पाहायची. वर आलेली पिल्ले पाण्याजवळ वाळूवर सोडायची. समुद्रापर्यंतचे अंतर मात्र त्यांनी स्वतःच चालून जायचे.

२००६ पासून वेळासला कासव महोत्सव भरू लागला. पाहुणे गावकऱ्यांच्याच घरी उतरू लागले, त्यांच्या हातचे जेवू लागले. अंडे विकून एकदाच पैसा मिळतो, पिल्लू समुद्रात गेले तर दरवर्षी पाहुणा येतो, हा हिशेब गावाला पटला. पुढे वनखात्याने हे काम हाती घेतले आणि आंजर्ले, गुहागर, हरिहरेश्वर, वायंगणी अशा अनेक किनाऱ्यांवर ते पसरले. गोव्यातही मोरजी आणि गालजीबाग येथे घरटी राखली जातात.

किनारा राखला तरी निम्मेच काम होते. कासव फुप्फुसांनी श्वास घेते. जाळ्यात फार वेळ अडकले तर गुदमरून मरते. त्याला सोडवायचे तर पुष्कळदा जाळे कापावे लागते, आणि जाळे हे आपल्या मच्छीमार घरांचे भांडवल. म्हणून महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०१८ मध्ये योजना आणली : संरक्षित प्राण्याच्या सुटकेसाठी जाळे कापणाऱ्यास २५,००० रुपयांपर्यंत भरपाई. दयेचा भार एकट्या गरिबाने वाहू नये, हे तत्त्व त्यामुळे मान्य झाले.

जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला एका मादीने अंडी घातली. तिच्या अंगावर बिल्ला होता, २०२१ साली ओडिशात लावलेला. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्याची कासवे निरनिराळी, असे अभ्यासकांना वाटत असे. या एका मादीने त्यांना फेरविचार करावयास लावले. आपल्या पुळणीवरचे घरटे केवळ आपले नसते, हेही तिने दाखवून दिले.

संकटे अजून सरलेली नाहीत. किनारे खचत आहेत, धूपप्रतिबंधक बंधारे मादीची वाट अडवीत आहेत, दिव्यांच्या झगमगाटाने पिल्ले उलट दिशेला जात आहेत. वाळूच्या उष्णतेवर पिल्लू नर होणार की मादी हे ठरते. वाळू फार तापली तर माद्याच अधिक निपजतात. शिवाय भल्या पहाटे माग काढणारी जुनी माणसे थकत चालली आहेत. त्यांची विद्या तरुणांनी वेळीच शिकून घ्यावयास हवी.

वाचकांनी एवढे करावे : अंडी घालणाऱ्या मादीपाशी उजेड नेऊ नये. जखमी कासव किनाऱ्याला लागले तर त्याला पाण्यात ढकलू नये. सावलीत ठेवून वनखात्यास कळवावे. डहाणूला अशा कासवांवर उपचार होतात. वेळासच्या राखणदारांपाशी याहून मोठी साधने नव्हती. एक टोपली, एक पाटी आणि पहाटे उठण्याची सवय, एवढ्यावर त्यांनी आरंभ केला.