तेंदूची छाटणी केव्हा, कशी? आग का लावू नये?

बालाघाट : मे महिन्यात फडावर येणाऱ्या तेंदूपत्त्याचा दर्जा फेब्रुवारी-मार्चमध्येच ठरतो. या दिवसांत तेंदूची झुडपे छाटली जातात. मध्य प्रदेशात या कामाला ‘शाखकर्तन’ म्हणतात.

धारदार कुऱ्हाडीने झुडूप अगदी जमिनीलगत कापायचे. खुंट फाटू द्यायचा नाही. मोठ्या झाडांना हात लावायचा नाही. मग मुळांतून नवे धुमारे फुटतात आणि साधारण 45 दिवसांत पाने तोडणीला येतात. ही पाने मोठी अन् मऊ असतात, विडी वळताना लवकर फाटत नाहीत.

मेहनत वाचवायला काही जण जंगलात आगच लावतात. पालवी तेव्हाही फुटते. पण साग, मोहाची लहान रोपे जळून जातात आणि वणवा हाताबाहेर गेला तर आवरणे कठीण.

तोडणीचे पैसे मोजून मिळतात. बालाघाटात 50 पानांची गड्डी, शेजारच्या गोंदियात 70 पानांचा पुडा. दोन्हीकडे अशा 1000 ची एक प्रमाणित गोणी. फाटकी, किडकी पाने फडावर बाजूला पडतात. म्हणजे मार्चमध्ये छाटणी चुकली, तर मे महिन्यात मजुरी बुडालीच समजा.