पंचाच्या पाठीशी कोण?

पुणे जिल्ह्यात लोण्याची ददात नाही. लोणी काळभोर आहे, लोणी कंद आहे, बारामतीकडे वळलात तर लोणी भापकर आहे आणि सोलापूर रस्त्याने इंदापूर गाठायला निघालात तर वाटेत लोणी देवकर आहे. या शेवटच्या लोणीजवळ उजनीचं पाणी आलं, मग औद्योगिक वसाहत आली, पण नाव लोणीच राहिलं. रस्त्यावरची ती पाटी वाचली की मला हटकून शाळेतली गोष्ट आठवते. दोन मांजरं, एक लोण्याचा गोळा आणि तराजू घेऊन बसलेलं माकड.

‘दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ’ असं तात्पर्य गुरुजींनी फळ्यावर लिहून दिलं आणि आपण ते वहीत उतरवून घेतलं. पण त्या गोष्टीने एका जमातीचं कायमचं नुकसान केलं, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. लहानपणी आपल्याला भेटलेला हा पहिला पंच, आणि नेमका तोच लबाड निघाला! तेव्हापासून पंच दिसला की आपण आधी त्याच्या तोंडाला लोणी लागलंय का ते पाहतो.

वास्तविक पंच या शब्दाला केवढी प्रतिष्ठा आहे! पाचामुखी परमेश्वर, असं आपण म्हणतो. आता पाचच का, चार किंवा सहा का नाहीत? चार बसले की दोन इकडे, दोन तिकडे, आणि परमेश्वर मधल्यामध्ये लटकलेला. पाचांत तो प्रश्न येत नाही. गंमत अशी की इंग्रजांचा ‘अंपायर’ही याच कुळातला. जुन्या फ्रेंच भाषेत ‘नॉनपेर’ म्हणजे जोडीत न बसणारा, विषम. त्याचा इंग्रजीत ‘नंपायर’ झाला आणि बोलता बोलता पुढचा ‘न’ गळून पडला. म्हणजे पुण्याचा पंच घ्या नाहीतर लंडनचा अंपायर, दोघेही मुळात विषम. दोन बाजू आपापल्या जोडीदारांत रमलेल्या आणि हा एकटा.

आपल्याकडे हा एकटा माणूस खेळात आला तो फार उशिरा. त्याआधी काही शतकं तो गावच्या पारावर बसत होता. मराठेशाहीत गोतसभा भरायची ती वतनाच्या, शिवेच्या आणि मानपानाच्या भांडणांसाठी. पाटीलकी थोरल्या घराची की धाकट्या घराची? होळीत पहिली पोळी कुणी टाकायची? पोळ्याला कुणाचा बैल पुढे? आज आपल्याला हसू येतं, पण या पोळीपायी भाऊबंदांची डोकी फुटत, आणि भांडण नातवंडांना वारसाहक्काने मिळे. इंदापूर, सुपे या परगण्यांच्या मुलखात तरी निराळं काय असणार?

पण त्या मंडळींची एक पद्धत मला फार शहाणपणाची वाटते. वाद ऐकायला घेण्याआधी दोन्ही पक्षांकडून एक कागद लिहून घेत. त्याचं नाव राजीनामा. दचकू नका. आज राजीनामा म्हटलं की खुर्ची सोडणं, किंवा सोडतो म्हणून न सोडणं, एवढंच आपल्याला ठाऊक. तेव्हा त्याचा अर्थ अगदी सरळ होता: ‘पंच जे ठरवतील त्याला मी राजी आहे.’ हा कागद आधी, मग तकरीर, साक्षीपुरावे आणि शेवटी निवाडा. निवाडा झाला की जिंकणाऱ्याने आनंदाची म्हणून ‘हरकी’ भरायची आणि हरणाऱ्याने ‘गुन्हेगारी’. सरकारचं दोन्हीकडून भागायचं. वर हरणाऱ्याने हरल्याचंही लिहून द्यायचं, त्याला यजितपत्र म्हणत.

एवढ्यानेही नाही भागलं तर दिव्य होतं. कढत तेला-तुपातून हाताने धातूचा रवा काढायचा. हात पिशवीत बांधून वर मोहोर करायची आणि काही दिवसांनी सोडून पाहायचं. भाजला नसेल तर खरा. आजच्या तिसऱ्या पंचाचं काम हेच, फक्त त्याला हात भाजून घ्यावा लागत नाही आणि निकाल दोन मिनिटांत लागतो. त्या दोन मिनिटांतही आपला जीव खालीवर होतो. तिथे दिवसच्या दिवस मोहोरबंद हाताकडे पाहत बसलेल्या दोन्ही घरांचं काय होत असेल!

पुढे पार ओस पडले, कज्जे कचेऱ्यांत गेले आणि पंच मैदानावर आला. 1914 मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खो-खोचे नियम बांधून दिले. नियम आले की ते मोडणारे येतात, आणि मोडणारे आले की शिट्टीवाला लागतोच. माणूस बदलला, जागा बदलली, पण एक गोष्ट वाटेत हरवली. राजीनामा लिहून घ्यायचं राहून गेलं.

त्याची उणीव जत्रेच्या कुस्त्यांत फारशी भासत नाही. आपल्याकडे चैत्र-वैशाखात गावोगावचे फड भरतात. हलगी कडाडत असते, फेटेवाली मंडळी मातीभोवती दाटीवाटीने बसलेली असतात, आणि मध्ये बहुधा एखादा म्हातारा वस्ताद पंच म्हणून उभा असतो. कुस्ती निकाली. पाठ लागली की संपलं. पण पाठ पंचाला दिसण्याआधी लोकांना दिसते! माती उडते, दोन देह एकात एक गुंतलेले असतात, आणि ‘लागली! लागली!’ असा गलका पंचाच्या मागे बसलेले, म्हणजे ज्यांना काहीच दिसलेलं नाही, तेच आधी करतात. अशा वेळी मुरलेला वस्ताद अंगावरची माती झटकत दोघांचे हात धरतो आणि कुस्ती बरोबरीत सोडवतो. कागदी नियमांच्या दृष्टीने हे कदाचित बरोबर नसेल. पण दोन्ही गावांना संध्याकाळी एकाच एस.टी.ने घरी जायचं असतं, हे त्याला नियमांहून जास्त कळतं.

क्रिकेटच्या अंपायरला ही सोय नाही. त्याला बोट वर करावं लागतं किंवा खाली ठेवावं लागतं. बोट अर्धवट वर करून दोघांचंही समाधान करता येत नाही. फेब्रुवारी 1980 मध्ये मुंबईला वानखेडेवर सुवर्णमहोत्सवी कसोटी होती. इंग्लंडचे पाच गडी 58 धावांत गेलेले. बॉब टेलर यष्टीमागे झेलबाद, असा कौल हनुमंत राव यांनी दिला. टेलर गोंधळून उभा राहिला. आपला कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथ पुढे झाला, अपील मागे घेतलं आणि टेलरला परत खेळायला लावलं. मग टेलर आणि बोथम यांनी 171 धावांची भागी केली आणि आपण दहा गड्यांनी हरलो. विश्वनाथच्या दिलदारीवर तेव्हापासून भरभरून लिहिलं गेलं, आणि ते योग्यच आहे. पण ज्याचं वर गेलेलं बोट चारचौघांत खाली आणलं गेलं, त्या हनुमंत रावांना त्या रात्री जेवण गोड लागलं का, हे कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही.

वर्षभरातच मेलबर्नला उलटा प्रकार झाला. रेक्स व्हाइटहेड यांनी सुनील गावसकरला पायचीत दिलं. चेंडू आधी बॅटीला लागला, असं गावसकरचं म्हणणं. तो इतका संतापला की जाता जाता चेतन चौहानलाही मैदानाबाहेर घेऊन निघाला. फाटकाशी व्यवस्थापक दुराणी उभे होते, त्यांनी चौहानला परत पाठवलं. तो सामना आपण जिंकला! ऑस्ट्रेलियाला 83 धावांत गुंडाळलं. दोन पावलं आणखी पुढे पडली असती तर हा विजय हातचा गेला असता. पुढे गावसकरने स्वतःच त्या प्रसंगाबद्दल खेद व्यक्त केला.

असल्या वादांवर तोडगा म्हणून तटस्थ पंचांची कल्पना निघाली. नोव्हेंबर 1986 मध्ये पाकिस्तानने लाहोरच्या कसोटीसाठी चक्क दोन भारतीय बोलावले, व्ही. के. रामस्वामी आणि आपल्या ठाण्याचे पिलू रिपोर्टर. रिपोर्टर नोकरीला महाराष्ट्र राज्य वीज मंडळात होते. ज्याने लोकांची बिलं आणि दिवे गेल्याची गाऱ्हाणी ऐकली, त्याला वेस्ट इंडिजच्या तोफखान्याचं अपील ते काय! पाकिस्तान एका डावाने हरला. पंच बोलावणारेच हरले, म्हणजे पंच चोख निघाले.

पण चोख पंचही चुकतो. 2 जून 2010 ची गोष्ट. अमेरिकेत डेट्रॉइटला बेसबॉलचा सामना चालला होता. आर्मांडो गालारागा हा गोलंदाज, म्हणजे त्यांच्या भाषेत पिचर. समोरचे सगळे 27 गडी एकालाही बेसवर पोहोचू न देता बाद करायचे, हा त्या खेळातला परिपूर्ण सामना. तिथवरच्या सव्वाशेहून अधिक वर्षांत अवघे वीस झालेले. गालारागाने 26 बाद केले होते. सत्ताविसावा धावत सुटला आणि पहिल्या बेसवर बाद झाला. अंपायर जिम जॉइस यांनी दोन्ही हात पसरले: नाबाद! गालारागा नुसता हसला आणि पुढचा चेंडू टाकायला गेला. सामन्यानंतर जॉइसनी चित्रफीत पाहिली आणि त्यांना रडू कोसळलं. त्यांनी त्या पोराची गाठ घेऊन माफी मागितली. दुसऱ्या दिवशी त्याच मैदानावर जॉइसच पंच होते. संघाची यादी त्यांच्या हातात द्यायला मुद्दाम गालारागा आला. जॉइस डोळे पुसत होते. निर्णय बदलला नाही, विक्रम नोंदला गेला नाही. मोटार कंपनीने गालारागाला एक झोकदार गाडी दिली, आणि त्या दोघांनी मिळून पुढे एक पुस्तक लिहिलं. तुकाराम-गाथा न वाचताही माणसं अशी वागू शकतात.

आता आपल्याकडे या. 2 फेब्रुवारी 2025, अहिल्यानगर, महाराष्ट्र केसरीची गादीवरची कुस्ती. पाठ लागली, असा निर्णय पंचांनी दिला. लागली नाही, फेरतपासणी करा, असं हरलेल्या मल्लाचं म्हणणं. तो मल्ल साधासुधा नव्हे, माजी महाराष्ट्र केसरी. ऐकून घेत नाहीत म्हटल्यावर त्याने पंचांना लाथ मारली आणि तीन वर्षांची बंदी ओढवून घेतली. त्याच्या दोन वर्षं आधी, पुण्याच्या महाराष्ट्र केसरीत एका वादग्रस्त निर्णयानंतर पंचांना फोनवरून धमकी आली होती. त्या घरी फोन वाजला की बायकापोरांच्या पोटात गोळा येत असेल, एवढं समजायला कॅमेरा लागत नाही.

या सगळ्यांत निर्णय कुणाचा बरोबर आणि कुणाचा चूक, हा वाद घालायला आपल्याकडे माणसांची कमी नाही. मला दिसतं ते एवढंच की खेळ चालतो तो पंच चुकत नाही म्हणून नव्हे. हरणारा त्याचं ऐकतो म्हणून चालतो. लाथ मारणारा नेहमी चुकीच्याच निर्णयाला मारतो असं नाही, आणि गालारागासारखा हसणारा बरोबर निर्णयालाच हसतो असंही नाही. पंचाच्या पाठीशी ना गाव असतं, ना संघ, ना टाळ्या. असतो तो फक्त त्या हरलेल्या माणसाचा न लिहिलेला राजीनामा.

तो पुन्हा लिहून घ्यायला सुरुवात करावी, असं मला वाटतं. खेळाडूंकडून नकोच, ते फार फार तर दोन-चार डझन. तिकिटाच्या मागच्या बाजूला छापावा आणि दारावरच प्रेक्षकांच्या सह्या घ्याव्यात. अडचण एकच आहे. मग आत जाऊन ओरडायचं कुणावर?