काय खावे, तितकेच केव्हा खावे!

मधुमेह, उच्च रक्तदाब आणि पोटाभोवती साठणारी चरबी यांविषयीची चर्चा आजवर 'काय आणि किती खावे' या प्रश्नाभोवती फिरत आली आहे. गेल्या काही वर्षांत तिला 'केव्हा खावे' या प्रश्नाची जोड मिळाली. दिवसभराचे सारे खाणे ८ ते १० तासांत उरकायचे आणि उरलेल्या वेळेत पाण्यावर राहायचे, ही वेळमर्यादित आहाराची पद्धत. दूध-साखरेचा चहाही यात खाण्यातच मोजला जातो. सकाळी सातला चहा-बिस्किटे आणि कार्यालयातून परतल्यावर रात्री दहाला जेवण, असा दिनक्रम असलेल्या शहरी माणसाचे खाणे मात्र १५ तास चालू असते.

शरीरातील घड्याळे

मेंदूतील मुख्य जैविक घड्याळ उजेडावर चालते. यकृत, स्वादुपिंड आणि स्नायू यांचीही स्वतःची घड्याळे असतात व ती बरीचशी खाण्याच्या वेळांवरून लावली जातात. रात्री मेलाटोनिन हे संप्रेरक वाढते आणि इन्सुलिनचे स्रवण मंदावते. त्यामुळे सकाळी घेतलेल्या जेवणापेक्षा तेच जेवण रात्री उशिरा घेतल्यास रक्तातील साखर अधिक चढते. उलट, खाण्यात दीर्घ खंड पडला की यकृतातील ग्लायकोजेनचा साठा कमी होत जातो आणि शरीर इंधनासाठी चरबीकडे वळते.

प्रयोग काय सांगतात?

अमेरिकेतील सॉल्क संस्थेत डॉ. सच्चिदानंद पांडा यांच्या गटाने २०१२ मध्ये उंदरांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. स्निग्ध आहार केवळ आठ तास मिळालेल्या उंदरांनी दिवसरात्र खाणाऱ्यांइतकेच उष्मांक घेतले. तरीही ते कमी लठ्ठ झाले.

माणसांतील चित्र इतके सरळ नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका प्रयोगात मधुमेहपूर्व अवस्थेतील आठ पुरुषांना पाच आठवडे सहा तासांत, दुपारी तीनपूर्वी जेवण संपवण्यास सांगण्यात आले. वजन न घटताही त्यांच्या शरीराचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारला, रक्तदाबही उतरला. मात्र २०२० मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे ११६ जणांवर झालेल्या चाचणीत दुपारी १२ ते रात्री ८ या वेळेत जेवणाऱ्यांना तीन वेळा जेवणाऱ्यांच्या तुलनेत विशेष लाभ झाला नाही. चीनमधील ग्वांगझू येथे १३९ स्थूल व्यक्तींवरील वर्षभराच्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. दोन्ही गटांचे उष्मांक सारखेच कमी केले होते. वेळेचे बंधन पाळणाऱ्यांचे वजन सरासरी ८ किलोने, तर न पाळणाऱ्यांचे ६.३ किलोने घटले. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर उतरला नाही.

तात्पर्य, घड्याळ लावले म्हणजे हवे तितके खाण्याची मुभा मिळत नाही. वेळमर्यादेमुळे अवेळचे खाणे आपोआप सुटते, हा तिचा मोठा लाभ. त्यापलीकडचा फायदा मिळण्याची शक्यता दिवसाच्या पूर्वार्धात जेवणाऱ्यांना अधिक दिसते.

परिचित पद्धती

दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी राज्यभर पोहोचवलेली, दिवसातून दोनदा प्रत्येकी ५५ मिनिटांत जेवण्याची पद्धत महाराष्ट्राला परिचित आहे. तिचा भर जेवणांच्या संख्येवर आहे. दुसरे जेवण रात्री किती वाजता, हा प्रश्न त्यानंतरही उरतोच. सूर्यास्तानंतर न जेवण्याची जैन परंपरा धार्मिक हेतूने आली असली, तरी वेळेच्या दृष्टीने ती या प्रयोगांच्या अधिक जवळ जाते.

सावधगिरी कोणी बाळगावी?

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्या मधुमेहींनी परस्पर जेवण वगळू नये. औषधाची मात्रा तीच राहिली आणि जेवण लांबले, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. घाम, थरथर, धडधड, गोंधळलेपण ही त्याची लक्षणे. अशा वेळी उपवासाचा आग्रह सोडून तत्काळ साखर घ्यावी. गर्भवती, स्तनदा माता, वाढीच्या वयातील मुले आणि खाण्याविषयीचे मानसिक विकार असलेल्यांसाठी ही पद्धत योग्य नाही.

इतरांना सुरुवात सोपी आहे. रात्रीचे जेवण आठच्या आत आणि त्यानंतर सकाळपर्यंत काही नाही, एवढे साधले तरी १२ तासांची विश्रांती मिळते. घरी पोहोचायलाच नऊ वाजत असतील, तर संध्याकाळी डब्यातील पोळी-भाजी खाऊन रात्रीचे जेवण हलके ठेवावे.