क्लिफर्ड क्लिंटन : भुकेल्यांचा यजमान, भ्रष्टाचाराचा शत्रू

अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथील उपाहारगृहचालक क्लिफर्ड क्लिंटन (१९००-१९६९) यांचा परिचय आम्ही वाचकांस करून देत आहोत. त्यांचे आईवडील मुक्तिफौजेचे अधिकारी होते. त्यांच्यासोबत बालपणी चीनमध्ये गेलेल्या क्लिफर्ड यांनी तेथील उपासमार डोळ्यांनी पाहिली.

१९३१ साली, महामंदीच्या ऐन काळात, त्यांनी ‘क्लिफ्टन्स’ हे उपाहारगृह सुरू केले. जेवण पसंत पडले नाही तर पैसे देऊ नयेत, अशी तेथील रीत होती. एका ९० दिवसांच्या काळात सुमारे १०,००० जण विनामूल्य जेवले. तरीही धंदा बुडाला नाही, याचे आम्हांस विशेष वाटते.

१९३५ मध्ये जॉन अँसन फोर्ड या लोकप्रतिनिधीने त्यांस सरकारी रुग्णालयाच्या भोजनव्यवस्थेची तपासणी करण्यास सांगितले. तेथे त्यांना उधळपट्टी व वशिलेबाजी आढळली. स्वयंपाकघराचा हिशेब पाहता पाहता ते शहराच्या हिशेबापर्यंत पोहोचले. १९३७ साली ग्रँड ज्यूरीचे सदस्य असताना जुगाराच्या अड्ड्यांना व वेश्यागृहांना मिळणारे अधिकाऱ्यांचे संरक्षण त्यांनी उघड करण्याचा प्रयत्न केला आणि नागरिकांची स्वतंत्र चौकशी समिती स्थापली. परिणाम लगेच दिसले. उपाहारगृहाविरुद्ध खोट्या तक्रारी झाल्या. २९ ऑक्टोबर १९३७ रोजी त्यांच्या राहत्या घरी बॉम्बस्फोट झाला. घरातील सर्वजण सुखरूप राहिले. मात्र प्रसिद्धीसाठी क्लिंटन यांनीच हा बनाव रचला, असे उलट सुचविण्यात आले! जानेवारी १९३८ मध्ये हॅरी रेमंड या खाजगी तपासनिसाच्या मोटारीत बॉम्ब फुटला. रेमंड गंभीर जखमी होऊनही वाचले आणि त्या कटाबद्दल पोलीस कॅप्टन अर्ल काइनेट दोषी ठरला. १६ सप्टेंबर १९३८ रोजी मतदारांनी महापौर फ्रँक शॉ यांना परत बोलावले व फ्लेचर बाउरन यांना निवडून दिले. शॉ यांच्यावर स्वतः आरोपपत्र कधीच दाखल झाले नाही, हेही न्यायाने सांगितले पाहिजे.

पुढे क्लिंटन यांनी शास्त्रज्ञ हेन्री बोर्सूक यांच्याकडे स्वस्त, पौष्टिक अन्नाची मागणी केली. सोयाबीनपासून बनलेल्या त्या ‘बहुउद्देशीय अन्ना’चा एका वेळचा खर्च अवघा ३ सेंट होता. त्याच्या वाटपासाठी १९४६ मध्ये ‘मील्स फॉर मिलियन्स’ ही संस्था उभी राहिली. आपल्या देशातही म्हैसूरच्या केंद्रीय अन्नतंत्र संशोधन संस्थेने या कल्पनेला भारतीय रूप दिले. तेथे सोयाबीनऐवजी तेल काढलेल्या शेंगदाण्याचे पीठ ७५ भाग व हरभऱ्याचे पीठ २५ भाग घेऊन त्यात जीवनसत्त्वे व कॅल्शियम मिसळण्यात आले.