ई-मेल सर्व्हरची आवृत्ती बदलताना...

भिवंडीतील यंत्रमाग व गोदाम व्यवसायातील ज्या कंपन्या स्वतःचा ई-मेल सर्व्हर चालवितात, त्यांना आवृत्त्यांमधील फरक ठाऊक असणे अगत्याचे आहे. मायक्रोसॉफ्टच्या 'एक्स्चेंज सर्व्हर'च्या २०१६ व २०१९ या आवृत्त्यांचे तांत्रिक पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपुष्टात आले. याच सर्व्हरमधील त्रुटींचा फायदा घेऊन २०२१मध्ये जगभर हल्ले झाले होते. त्यामुळे जुनी आवृत्ती तशीच चालविणे धोक्याचे आहे.

'सबस्क्रिप्शन एडिशन' ही नवी आवृत्ती २०१९च्या अद्ययावत सर्व्हरवर थेट बसविता येते. २०१६च्या बाबतीत मात्र नवा सर्व्हर उभारून सर्व मेलबॉक्स त्यावर हलवावे लागतात. म्हणूनच चालू आवृत्ती तपासून, संपूर्ण बॅकअप घेऊनच काम हाती घ्यावे. अन्यथा ऑर्डर व बिलांचा पत्रव्यवहार ठप्प होऊ शकतो.