बेलफळ

बेलफळ हे बेल (संस्कृत बिल्व, शास्त्रीय नाव एगल मार्मेलोस) या लिंबाच्या कुळातील काटेरी, पानझडी वृक्षाचे फळ होय. कवच लाकडासारखे टणक असते. आत नारिंगी-पिवळा सुगंधी गर आणि चिकट डिंकात बुडालेल्या केसाळ बिया असतात. झाड मे-जूनमध्ये फुलते आणि फळ पिकायला पुढचा उन्हाळा उजाडतो. कोरड्या, उष्ण हवेत बेल चांगला येतो, म्हणून ग्वाल्हेर आणि चंबळचा परिसर त्याला मानवतो. पलीकडच्या इटाव्याच्या नावाने तर पातळ कवचाची ‘कागजी इटावा’ ही जातच ओळखली जाते.

दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ 1810 मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याजवळ पडला आणि त्यातून लष्कर हे शहर उभे राहिले. शिंदे की छावनी ही त्यातलीच वस्ती. शिंद्यांबरोबर आलेल्या मराठी कुटुंबांना बेल ओळखीचा होता तो मुख्यतः महादेवाच्या पिंडीवर वाहायच्या त्रिदळामुळे. उन्हाळ्यात पन्हे आणि कोकम पिणाऱ्या या मंडळींना उत्तरेत बेलाचे सरबत भेटले.

वैद्यकाच्या दृष्टीने बेलफळाचे वैशिष्ट्य असे की औषधाला चालते ते कच्चे फळ. बहुतेक फळे पिकल्यावर गुणांनी वाढतात. बेल तेवढा याला अपवाद, असे भावप्रकाशात स्पष्ट म्हटले आहे. चरकसंहितेने कोवळे फळ अग्निदीपक आणि कफवातशामक ठरवले आहे, तर पिकलेले फळ पचायला जड, दोष वाढवणारे आणि दुर्गंधी वायू करणारे म्हणून बाजूला ठेवले आहे. त्याच ग्रंथातील श्रेष्ठ द्रव्यांच्या यादीत मळ बांधणारे आणि भूक वाढवणारे म्हणून बिल्वाला मान आहे. ग्रंथकारांनी कच्च्या फळाला ‘शलाटू’ असे वेगळे नाव दिले, त्यावरून हा भेद त्यांना किती महत्त्वाचा वाटत होता ते दिसते.

कच्च्या फळाचे काप वाळवून साठवतात. ग्वाल्हेरच्या बाजारात पनसाऱ्याकडे ते ‘बेलगिरी’ या नावाने मिळतात. चांगली बेलगिरी कडक आणि तांबूस असते, चवीला तुरट लागते आणि पाण्यात टाकली की बुळबुळीत होते. या दोन गुणांवरच तिचे काम चालते: तुरटपणा टॅनिनमुळे, बुळबुळीतपणा पेक्टिन आणि इतर श्लेष्मल द्रव्यांमुळे. पातळ जुलाब, आव आणि ग्रहणी हे तिचे मुख्य क्षेत्र. चक्रदत्तात रक्तातिसारावर बेल गुळाबरोबर खायला सांगितला आहे. ग्रहणीवर कच्च्या फळाचा कल्क, सुंठ आणि गूळ एकत्र करून देतात आणि रोग्याला ताकावर ठेवतात. मोथा, इंद्रजव, लोध्र, मोचरस आणि धायटीची फुले यांच्या जोडीने बेलगिरी गंगाधर चूर्णात जाते. नुसत्या चूर्णाची प्रचलित मात्रा 3 ते 6 ग्रॅम आहे. पोटाबाहेरचा एक उपयोगही प्रसिद्ध आहे: कच्चे फळ गोमूत्रात वाटून, तिळाचे तेल आणि शेळीचे दूध घालून सिद्ध केलेले बिल्वतैल बहिरेपणात कानात घालतात. दशमुळात मात्र फळ नसून बेलाचे मूळ असते.

मुरंबा हा औषध आणि खाऊ यांच्या सीमेवरचा प्रकार. त्यालाही कच्चेच फळ लागते. कवच काढून जाड चकत्या करायच्या, बिया कोरून काढायच्या, चकत्या टोचून उकडायच्या आणि मग पाकात घालून तो पाक दिवसागणिक दाट करत न्यायचा. जुनाट पोटदुखी आणि वारंवार शौचाला जाण्याची सवय असलेल्यांना तो सकाळी देतात.

सरबताची गोष्ट उलटी आहे. त्यासाठी पूर्ण पिकलेले फळ फोडून गर पाण्यात हाताने कुस्करतात, गाळतात आणि गूळ किंवा साखर घालतात. गर मिक्सरमध्ये फिरवला की बिया आणि डिंक फुटून सरबत कडवट होते. मे-जूनमध्ये पारा 45 अंशांपर्यंत जाणाऱ्या ग्वाल्हेरात हे पेय थंडावा देते आणि पोट साफ ठेवते. ग्रंथांना न आवडणारे फळ लोकांनी हौसेने स्वीकारले, आणि उन्हाळ्यापुरता त्यांचा अनुभव खोटा म्हणता येत नाही. पण जुलाबावर म्हणून हे सरबत पाजणे ही गफलत आहे. पिकलेले फळ सौम्य सारक आहे.

युरोपीय वैद्यकाला बेलाची ओळख गोव्यातून झाली. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने 1563 मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात ‘बंगालचे मार्मेलो’ म्हणून या फळाचे आणि आवेवरील त्याच्या उपयोगाचे वर्णन केले. मुंबईच्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्चने 2009 मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास कच्च्या फळाच्या काढ्यावरच होता. तपासलेल्या जिवाणूंपैकी एकही काढ्याने मेला नाही. मात्र जिवाणूंचे पेशींना चिकटणे आणि त्यांत शिरणे कमी झाले, आणि पटकीच्या विषाची निर्मिती व पकड यांवरही परिणाम दिसला. हे प्रयोग प्रयोगशाळेतील पेशींवरचे आहेत, रोग्यांवरचे नव्हेत.

ग्वाल्हेरात बेलाच्या झाडावर ताण येतो तो पानांमुळे. हिंदी भाषक घरांचा श्रावण पौर्णिमेनंतर आणि मराठी घरांचा अमावास्येनंतर सुरू होत असल्याने त्रिदळांची मागणी सुमारे दीड महिना टिकते. फांद्याच छाटल्या तर नुकती धरलेली कोवळी फळेही त्यांच्याबरोबर जातात.

बद्धकोष्ठाच्या रोग्याने बेलगिरी घेऊ नये, आणि मधुमेह्याने मुरंबा व गोड सरबत टाळावे. जुलाबात ताप किंवा रक्त असेल, किंवा लहान मूल मलूल झाले असेल, तर आधी मीठ-साखरेचे पाणी सुरू करून लगेच डॉक्टरांकडे न्यावे. बेलगिरीवर विसंबून वेळ घालवू नये.